काचेच्या शेगडीवर गूळ आणि करडईचं तेल करपून बसलंय, चरे न पाडता काढायचं कसं?

ओट्यापाशी (जुळे सोलापूर)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे तीन बर्नरची काचेची शेगडी आहे, काळी काच. संक्रांतीला तिळगुळाचा पाक चढवला होता. कढई जराशी कलंडली आणि पाक मधल्या मोठ्या बर्नरभोवती सांडला. उरलेला पाक पुढे जाईल म्हणून आधी लाडू वळून घेतले, तोवर सांडलेला भाग तापून तापून टणक काळं कडं झाला.

पण खरं दुखणं जुनं आहे. त्याच बर्नरच्या आजूबाजूला फोडणीच्या तेलाचे तपकिरी, मधासारखे पारदर्शक ठिपके आहेत. आमच्याकडे गावाकडून करडईचं घाण्याचं तेल येतं. ताजा ठिपका फडक्यानं निघतो, पण दोन-तीनदा तापला की भांडी घासायचं लिक्विड लावून कितीही चोळा, हलत नाही. आणि डावीकडच्या छोट्या बर्नरजवळ, जिथे पाणी तापवतो, तिथे पांढरट गोल गोल खुणा आहेत. ओल्या असताना दिसत नाहीत, वाळल्या की पुन्हा हजर.

सासूबाई म्हणतात राखेनं घास. हे म्हणतात तारेची घासणी आणतो. शेजारच्या अक्का म्हणतात खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओत. रविवारी नणंद मुलांना घेऊन गड्ड्याच्या जत्रेला येतेय, त्याआधी ओटा स्वच्छ हवा आहे. पण घाईत काचेला चरे पाडून ठेवायचे नाहीत. ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी सांगा.


सातरस्ता

आधी लाडवांचा फोटो टाका की ओ. डागाचं मग बघू.


लष्करची_सून

एवढं काय अवघड नाही त्यात. रात्री झोपताना गरम पाण्यात भिजवलेलं फडकं टाकून ठेवायचं आणि सकाळी हिरव्या घासणीनं लिक्विड लावून घासायचं. मी कायम असंच करते, माझी शेगडी चकाचक आहे.


आज्जीची_पोर

टूथपेस्ट लावून बघा. पांढरी, जेलवाली नको. चांदीच्या वाट्यांना लावतो तशीच.


शॉर्टकट

संडास साफ करायचं ॲसिड कापसावर घेऊन लावा. दोन मिनिटांत सगळं साफ.


रसायनवाला_अण्णा

शॉर्टकट, हे कृपा करून कुणाला सांगू नका. त्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. काचेला ते फारसं काही करणार नाही, पण काचेभोवतीची स्टीलची पट्टी, बर्नरखालची वाटी आणि जाळी यांना खड्डे पाडेल. वर ओट्यावर कुणी आधी ब्लीच वापरलेलं असेल तर दोन्ही मिळून क्लोरीन वायू निघतो आणि बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेततो. शिवाय तेलाच्या रापावर आम्लाचा काही उपयोगच नाही.

ओट्यापाशी, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण तुम्ही तिन्ही डाग वेगवेगळे सांगितलेत. बहुतेक लोक 'शेगडी खराब झाली' एवढंच म्हणतात आणि मिळेल ते फासतात. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गुळाचा डाग सगळ्यात भयंकर दिसतो आणि सगळ्यात सोपा असतो. साखर साधारण १६० अंश सेल्सियसच्या पुढे तपकिरी होऊ लागते, आणखी तापली की कोळसा होते. पण वरून काळं दिसलं तरी काचेला धरून बसलेल्या थरात पाण्यात विरघळणारा अंश बराच उरलेला असतो. त्याला सोडा नको, आम्ल नको. गरम पाणी आणि वेळ द्या.

तेलाचा डाग वेगळ्या जातीचा. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात ७० टक्क्यांहून जास्त लिनोलिक आम्ल असतं. असं तेल पातळ थरात तापलं की हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि त्याचं वार्निश होतं. मी उपमा म्हणून हे लिहीत नाही. करडईचं तेल खरोखरच रंग आणि वार्निश बनवायला वापरलं जातं, कारण ते वाळतं आणि जवसाच्या तेलाइतकं पिवळं पडत नाही. तेल किती वाळणारं आहे हे आयोडीन मूल्यावरून कळतं: खोबरेल १० च्या आसपास, शेंगदाणा ९० च्या आसपास, करडई १४० च्या पुढे. म्हणून शेंगदाणा तेल वापरणाऱ्या घरातला ठिपका आणि तुमच्या घरातला ठिपका यात फरक पडणारच. साध्या लिक्विडनं तो हलणार नाही, त्याला अल्क लागतं, म्हणजे सोडा.

पांढऱ्या खुणा पाण्यातल्या क्षारांच्या. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. त्यावर मात्र व्हिनेगर किंवा लिंबू.

आता अक्कांचा उपाय. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की फसफस होते ती कार्बन डायऑक्साइडची. एकानं दुसऱ्याला मारलं, मागे उरलं सोडियम ॲसिटेट आणि पाणी. दोन्ही कामाचे आहेत, पण एकामागून एक, मध्ये पुसून.


लष्करची_सून

अण्णा, छान समजावलंत. पण हिरव्या घासणीबद्दल काहीच बोलला नाहीत. म्हणजे चालते ना?


काचकाम (विजापूर रोड)

वैनी, मी सांगतो, माझा धंदाच काचेचा. हिरव्या घासणीत बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, सँडपेपरमध्ये असतात तेच. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा १०, हे कण ९, आणि काच साडेपाच. मग कोण कुणाला ओरखडणार? खाण्याचा सोडा अडीचच्या आसपास, म्हणून त्यानं कितीही चोळा, काचेला काही होत नाही.

खात्री करायची असेल तर रात्री ओट्यावरचा दिवा घालवा आणि मोबाइलचा टॉर्च काचेला अगदी आडवा धरा. सरळ उजेडात न दिसणारे चरे तेव्हा दिसतात. एकदा पडलेला चरा घरच्या घरी निघत नाही. आणि त्या चऱ्यात पुढचं तेल जाऊन बसतं, म्हणून शेगडी जास्त घासणाऱ्यांचीच जास्त लवकर कळकट होते.


लष्करची_सून

माझ्या शेगडीवर पांढऱ्या फुलांची नक्षी आहे, त्यात दिसत नसतील चरे. आणि नाही दिसले तर मला काय त्रास? मी जोर लावत नाही, हलक्या हातानं फिरवते. मी हिरवीच वापरणार.


काचकाम (विजापूर रोड)

नक्षी बहुतेक शेगड्यांना काचेच्या खालून असते म्हणून ती टिकली. काही शेगड्यांना वरून असते, त्यांची नक्षी अशा घासणीनं उडून जाते. वापरायची तर तेवढं तपासून वापरा.


मंगळवेढ्याची

राखेचा विषय निघाला म्हणून लिहिते. ओट्यापाशी, सासूबाई अगदीच चुकीचं सांगत नाहीत हं. आमच्याकडे चुलीची राख वस्त्रगाळ करून डब्यात भरलेली असायची. पाण्यात कालवली की हाताला बुळबुळीत लागायची आणि तुपाची पातेली लख्ख निघायची. पण चाळलेली राख आणि चुलीतून उचललेली राख यात खूप फरक. न चाळलेल्या राखेत वाळू, मातीचे खडे असतात. पितळेवर, लोखंडावर ठीक, काचेवर नको.

दुसरं म्हणजे भाकरी. ज्वारीची भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवतो ना, तेव्हा थेंब उडतात ते थेट तापलेल्या काचेवर. त्यात पीठ असतं. ते पिठाचं पाणी वाळतं, करपतं आणि बर्नरभोवती भुऱ्या रंगाची साय धरते. मी आता परात आणि पाण्याचं भांडं उजवीकडे न ठेवता समोर ठेवते आणि हात निथळून मग फिरवते. निम्मे डाग तिथेच कमी झाले.


हुरडापार्टी

मंगळवेढ्याची, हेच तर मी वर्षानुवर्षं सांगतोय. ज्या घरात रोज भाकरी होते, कडक भाकऱ्या तासन् तास मंद आचेवर शेकतात, शेंगा भाजतात, त्या घरात काचेची शेगडी हवी कशाला? जाड पत्र्याची स्टीलची शेगडी घ्या. घासा, आपटा, पाणी ओता, काही होत नाही. काच दिसायला छान, पण ती वरणभात खाणाऱ्यांसाठी.


ओट्यापाशी (जुळे सोलापूर)

हुरडापार्टी, शेगडी भावानं दिवाळीत दिली आहे, ती काही बदलणार नाही. आणि काचेचा एक फायदा मला खरंच पटला आहे. स्टीलच्या शेगडीच्या पत्र्याला बर्नरभोवती जोड होता, त्या फटीत दूध जाऊन वास यायचा. काच सपाट आहे, नुसतं फडकं फिरवलं तरी रोजचं निघतं. त्रास फक्त करपलेल्याचा.


बर्नरवाले (नवी पेठ)

शेगडी दुरुस्तीचं काम करतो. तुमचं रसायन अण्णांनी सांगितलं, मी हाताचं काम सांगतो.

पहिलं, रेग्युलेटर बंद. नुसती शेगडीची बटणं बंद करून घासायला बसू नका, फडकं अडकून बटण फिरतं. दुसरं, शेगडी पूर्ण गार होऊ द्या. जाळ्या आणि बर्नर काढा. बर्नर काढल्यावर खाली जे नळीचं तोंड दिसतं त्यात कापडाचा बोळा घाला. लोक इथेच चुकतात. सोड्याचं पाणी त्या तोंडातून जेटपर्यंत जातं, वाळतं, भोक बुजतं आणि मग ज्योत पिवळी झाली म्हणून आम्हाला फोन येतो. लायटरशिवाय पेटणारी शेगडी असेल तर ती पांढरी चिनी मातीची काडी ओली करू नका.

तिसरं, पितळी बर्नर चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्यात टाकला तर चालतो. ॲल्युमिनियमचा असेल तर सोड्यात टाकू नका, काळा पडतो.

आता काच का फुटते, हे सगळे विचारतात. मी बघितलेल्या फुटलेल्या काचांपैकी बऱ्याच ठिकाणी शेगडीपेक्षा मोठं भांडं होतं. मोठा तवा, लग्नाकार्याची कढई. ज्योत वर जायला जागा नसते, ती बाजूनं पसरते आणि खाली काच भाजत राहते. त्यात कुणीतरी गार पाण्याचं फडकं मारतं. बर्नरखाली चांदीचा कागद अंथरणंही नको, त्यानं उष्णता खालीच कोंडते. आणि कोपऱ्यावर पकड किंवा खलबत्ता पडला तरी काच जाते. मध्ये कितीही भार घेईल, कडेला घेत नाही.


काचकाम (विजापूर रोड)

बर्नरवाल्यांचं अगदी बरोबर. ही टफन्ड काच असते. तयार झालेली काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटकन गार करतात. वरचा थर आधी आवळतो, आतला नंतर, आणि त्या ताणामुळे काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत होते. साधी काच ४० अंशांच्या फरकानं तडकू शकते, ही २०० च्या आसपास झेलते. पण आवळलेला थर जाडीच्या साधारण पाचव्या भागाइतकाच असतो. आठ मिलिमीटर काचेत वरून जेमतेम दीड मिलिमीटर. खोल चरा त्याच्या आत पोचला की अख्खी काच एकदम बारीक तुकड्यांत येते. म्हणून चऱ्याचा प्रश्न नुसता दिसण्याचा नाही.


सातरस्ता

वैनी, हिरवी घासणी खाली ठेवा आता. काय करलालाव ओ!


लष्करची_सून

ठेवली. आता रविवारी तू ये घासायला.


पुण्यात_सोलापूरकर

एवढं लांबण कशाला? सरळ दाढीचं पातं घ्या आणि खरवडा. माझ्याकडे विजेवर चालणारी काचेची शेगडी आहे, तिच्या कंपनीनं सोबत पात्याचा खरवडाच दिला होता. कोरड्या काचेवर सर्रकन सगळं निघतं.


रसायनवाला_अण्णा

तुमची काच आणि ओट्यापाशींची काच, दोन वेगळ्या वस्तू आहेत. विजेच्या शेगडीवर काच-सिरॅमिक असतं. १९५३ साली अमेरिकेत डोनाल्ड स्टूकी नावाच्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतली भट्टी बिघडून ६०० ऐवजी ९०० अंशांवर गेली, आतली काच वितळायच्या ऐवजी पांढरी टणक झाली आणि हातातून पडूनही फुटली नाही. तिथून हा पदार्थ आला. तो तापला तरी जवळजवळ प्रसरण पावत नाही, म्हणून लालभडक असतानाही त्याला गार पाण्याची भीती नसते. गॅसच्या टफन्ड काचेला आहे.

पातं दोन्हीवर चालतं, पण टफन्ड काचेवर ओलं करून, अगदी आडवं धरून, आणि थर आधी मऊ झाल्यावर. कोपरा टेकला की चरा पडलाच समजा. सवय नसेल तर जुनं एटीएम कार्ड बरं.


टेरीटॉवेल (अक्कलकोट रोड)

भिजवायला काय वापरायचं यावर कुणी बोललंच नाही. पातळ फडकं पाच मिनिटांत गार होतं आणि कोरडं पडतं. आपल्या सोलापुरात राहून टॉवेलची आठवण येऊ नये? जाड टेरीचा जुना टॉवेल घ्या. त्याचे उभे टाके गरम पाणी धरून ठेवतात, काचेवर दाबून बसतात आणि उचलताना मऊ झालेला मळ टाक्यांत अडकून वर येतो. वरून एक पातेल्याचं झाकण किंवा प्लास्टिकची पिशवी ठेवली की वाफ आतच राहते.

नवा टॉवेल मात्र घेऊ नका. त्यावर कारखान्यातलं फिनिशिंग असतं, पाणी नीट शोषत नाही. चार-पाच धुण्यांतून गेलेला सगळ्यात चांगला. मायक्रोफायबरचं कापड शेवटच्या पुसण्याला छान, भिजवायला कुचकामी.


आज्जीची_पोर

टॉवेलला अनुमोदन. आमच्याकडे जुन्या टॉवेलाचे चौकोन कापून शिवून ठेवलेत, ओट्याला तेच.


हुरडापार्टी

चादरीचं काय करता मग? शेगडी झाकायला?


टेरीटॉवेल (अक्कलकोट रोड)

सोलापुरी चादर शेगडीवर घातलीत तर माझ्या आजोबांचा आत्मा तुमच्या स्वप्नात येईल.


ओट्यापाशी (जुळे सोलापूर)

मंडळी, घाबरून लिहितेय. गुळाचं कडं खरोखर नुसत्या गरम टॉवेलनं मऊ झालं आणि कार्डानं पापुद्र्यासारखं सुटून आलं, विश्वास बसत नव्हता. तिथवर छान. मग तेलाच्या ठिपक्यांवर खाण्याचा सोडा कालवून लेप दिला. थोड्या वेळानं बघते तर काही ठिकाणी लेप लालभडक! काचेतून रंग सुटला की काय? नक्षी वगैरे तर काही नाही आमच्या शेगडीवर.


रसायनवाला_अण्णा

घाबरू नका, ती हळद आहे. फोडणीत हळद असते, ती तेलासोबत उडते आणि तेलाच्या थरात अडकून बसते. सोड्याचा अल्क लागला की हळद लाल होते. आपल्याकडे हळदीचं कुंकू याच गुणावर बनतं. उलट ही चांगली खूण आहे. सोडा तेलाच्या थरात शिरलाय, आत अडकलेल्या हळदीपर्यंत पोचलाय. पुसून घ्या, काचेवर काही राहणार नाही. पांढऱ्या टॉवेलावर मात्र राहील.


मंगळवेढ्याची

अगं माझ्या सासरी वरणाचा कुकर उतू गेला की असंच व्हायचं साबणानं! कारण आज कळलं.


बर्नरवाले (नवी पेठ)

ओट्यापाशी ताई, खाण्याच्या सोड्यानं जुना थर निघेल पण दमवेल. धुण्याचा सोडा मिळतो किराणा दुकानात, स्वस्त असतो. तो जास्त जोरकस. हातमोजे घाला, हात फाटतात. आणि ॲल्युमिनियमचा बर्नर, स्टँड आधी बाजूला.


रसायनवाला_अण्णा

अगदी योग्य सल्ला. खाण्याच्या सोड्याचा सामू (pH, अल्क जितकं जोरकस तितका जास्त) ८ च्या थोडा वर, धुण्याच्या सोड्याचा ११ च्या आसपास. फरक मोठा आहे. आज दुकानात जाणं होत नसेल तर घरचाच खाण्याचा सोडा लोखंडी तव्यावर मंद आचेवर कोरडा भाजा. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन तो धुण्याचा सोडाच होतो. भाजताना पिठी जरा उसळते, तवा मोठा घ्या, ॲल्युमिनियमचा नको.

पद्धत अशी: कोमट काच, एक चमचा धुण्याचा सोडा, भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब, लेप होईल एवढंच गरम पाणी. लेप ठिपक्यांवर, वर गरम ओला टेरी टॉवेल, वर झाकण. अर्धा तास हात लावायचा नाही. टॉवेल गार झाला तर पुन्हा गरम पाण्यात पिळून ठेवा. मग कार्ड. जे निघालं नाही त्यावर पुन्हा लेप, पुन्हा वेळ, जोर वाढवायचा नाही. अल्क तेलाच्या गुंत्याला हळूहळू साबणात बदलतं आणि ते काम घासण्यानं लवकर होत नाही. शेवटी साध्या पाण्यानं दोनदा पुसून घ्या, नाहीतर सोड्याचीच पांढरी साय उरते आणि लोकांना वाटतं काच गेली.


पुण्यात_सोलापूरकर

अण्णा, एक शंका. आईकडे शेंगदाण्याचं तेल आहे, तरी तिच्या शेगडीवर असाच टणक राप आहे. आयोडीन मूल्य कमी असून कसा?


रसायनवाला_अण्णा

वेळ आणि उष्णता पुरेशी मिळाली की शेंगदाण्याचं तेलही गुंतायला लागतं, फक्त सावकाश. करडईचा ठिपका दोन-तीन दिवसांत पक्का होईल, शेंगदाण्याचा रोज तापत राहिला तर काही आठवड्यांत. म्हणून रात्री शेवटची भांडी झाल्यावर कोमट फडकं फिरवणाऱ्या घरात हा प्रश्न येतच नाही.

करडई सोडू नका मात्र. सोलापूर जिल्ह्यात ज्वारीच्या शेतात करडईचे पाटे पिढ्यान् पिढ्या घेत आलेत, कडेनं काटेरी करडई लावली की जनावरंही आत शिरत नाहीत. चार ठिपक्यांसाठी असं तेल टाकून द्यायला नको.


हुरडापार्टी

ह्या एका वाक्यासाठी तुमचे सगळे प्रतिसाद मान्य. करडईच्या तेलात शेंगा चटणी आणि कडक भाकरी. बास.


सातरस्ता

आणि दही विसरलात.


ओट्यापाशी (जुळे सोलापूर)

धुण्याचा सोडा आणला, अण्णांच्या पद्धतीनं केलं. तेलाचे ठिपके निघाले. पहिल्या लेपानंतर कडा सुटल्या, दुसऱ्यानंतर कार्ड लावलं तर तपकिरी चिकट लगदा गोळा होत गेला. टॉर्च आडवा धरून पाहिलं, नवे चरे नाहीत. एक-दोन जुने आहेत, ते जाळी सरकवल्याचे असावेत.

पांढऱ्या खुणांवर व्हिनेगरचं फडकं ठेवलं. बाकीच्या गेल्या, पण बर्नरच्या अगदी कडेला, स्टीलच्या वाटीला लागून एक राखाडी-निळसर वलय आहे ते जात नाही. सोड्यानंही नाही, व्हिनेगरनंही नाही. बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं.


बर्नरवाले (नवी पेठ)

ते काचेवर आहे का वाटीवर? वाटीच्या स्टीलवर असेल तर तो डाग नाही, स्टील तापून आलेला रंग आहे. राहू द्या, काही बिघडत नाही.


ओट्यापाशी (जुळे सोलापूर)

वाटीवरच आहे! काचेत त्याचं प्रतिबिंब दिसत होतं, म्हणून काचेवर वाटलं.


काचकाम (विजापूर रोड)

जाळी सरकवू नका, उचलून ठेवत जा. जाळीच्या पायांना रबरी टोप्या असतात, त्या झिजल्या की लोखंड थेट काचेवर घासतं. दुरुस्तीच्या दुकानात सुट्या मिळतात, चारही एकदम बदला, नाहीतर जाळी डुगडुगते.


नवी_सभासद

उशिरा लिहितेय. वरचं सगळं वाचलं. माझ्याकडे इंडक्शन आहे आणि त्यावर साखरेचा पाक सांडलाय, आत्ताच, अजून गरम आहे. गार होऊ द्यायचं की लगेच काढायचं? वर गॅसच्या शेगडीला गार होऊ द्या म्हटलंय.


रसायनवाला_अण्णा

लगेच. इंडक्शनची काच-सिरॅमिक गरमपणाला घाबरत नाही, पण साखर तिच्यावर गार होऊन आक्रसली की काचेचा पापुद्रा उपटते आणि कायमचा खड्डा पडतो. बटण बंद करा, हाताला जाड मोजा घाला, पात्याच्या खरवड्यानं पाक गरम असतानाच तापलेल्या भागाबाहेर ओढा. मग उरलेल्यावर गरम ओलं फडकं.


नवी_सभासद

केलं. निघाला सगळा. एका जागी पातळ थर राहिलाय, बोटाला चिकट लागतोय.


रसायनवाला_अण्णा

चिकट लागतोय म्हणजे अजून साखरच आहे, कोळसा झाला नाही. गरम पाण्याचा टॉवेल ठेवा, निघेल.